भिकनआप्पांचे निजा

गेल्या महिन्यात कॉलेजातून घरी येताना बसमध्ये पुढच्या बाकावर एक बाई आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन बसली होती. मुलाच्या अंगातला शर्ट धुऊन धुऊन विटला होता. त्यावर बोटभर उंचीचे निंजा होते. काळे कपडे, तोंडावर काळं फडकं, कपाळावर रंगीत पट्टी आणि मधल्या फटीत फक्त डोळे. मी त्या शर्टवर एक निंजा शोधायला लागले. बाईने मागे वळून पाहिलं आणि मुलाला जरा पुढे ओढून घेतलं. मला लाज वाटली. पण तोवर तो सापडला होता. मुलाच्या काखेजवळ, शिवणीत अर्धा गेलेला, निळ्या पट्टीचा. बाकीचे सगळे रागाने बघत होते. हा एकटा आता रडेल असा दिसत होता.

तो भिकनआप्पांनी मुद्दाम ठेवला होता. हे त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. परीक्षेच्या उत्तरांशिवाय मी कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे जमेल की नाही याची धास्ती आहेच.

आप्पा गुजरातेत, डिंडोलीत, आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. गाव अमळनेरजवळ, बायको आणि आई तिकडेच. उधन्याला कापडछपाईच्या एका कारखान्यात ते ट्रेसर होते. कापडावर जितके रंग असतात तितक्या फिल्म लागतात. प्रत्येक फिल्मवर त्या एका रंगाचा भाग काळ्या शाईने भरायचा, म्हणजे पुढे त्यावरून छापायची जाळी तयार होते. हे काम काचेच्या टेबलावर चालतं, टेबलाखाली ट्यूबलाईट. माझे वडील त्याच कारखान्यात छपाईच्या खात्यात होते. ते सांगायचे, "भिकनआप्पा काचेवर वाकले की वाटतं, पाण्यात काहीतरी पडलंय ते शोधताहेत."

आप्पा ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून नीट करायचे. त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठावर एक काळा ठिपका कायमचा बसला होता. आई म्हणायची, त्यांना दृष्ट लागायची नाही. फिल्मला हात लावण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि कोणालाही शिवायचे नाहीत. या वेळी चुकून धक्का लागला तर ओरडायचे नाहीत, निमूट परत नळावर जायचे. त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

त्यांच्या ट्रेसिंगच्या ब्रशला दांड्यावर लाल दोरा गुंडाळलेला होता, बोटं घसरू नयेत म्हणून. तो ब्रश ते कधी घरी आणायचे नाहीत. टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासात तो उभा असायचा. कारखान्यातल्या सगळ्या ट्रेसरांची तशी रीतच होती. आजारी असो, गावी जावो, ब्रश ग्लासात असला म्हणजे माणूस परत येणार. ज्याने ब्रश उचलला त्याने काम सोडलं. मग त्याला कोणी काही विचारायचं नाही.

माणूस काढायचा असला की आप्पा आधी डोळे काढायचे. कोऱ्या कागदावर नुसते दोन डोळे, आजूबाजूला काही नाही. मी एकदा विचारलं, "आधी चेहरा नको का?"

"डोया पहिले काढा," ते म्हणाले. "मानूस मांगून आपोआप येस."

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, त्या पावसाळ्यात त्यांच्या शेठने त्यांना निंजाचं काम दिलं.

केबल तेव्हा आमच्या भागात नवी होती. संध्याकाळी साडेपाचला एक अमेरिकन कार्टून लागायचं. त्यात पिवळ्या केसांचा एक नायक होता आणि त्याच्या अंगावर दर भागात तीस-चाळीस निंजा धावून जायचे आणि मार खाऊन पडायचे. त्यातले तीन पुन्हा पुन्हा दिसायचे. एकाची पट्टी निळी, एकाची जांभळी, एकाची काळी. शेठच्या नातवाला नायक नको होता, निंजा हवे होते. शेठ म्हणाले, "भिकनभाई, छोकराओ गांडा थई गया छे. दिवाळी पहेलां निंजानुं कापड जोईए." पोरं वेडी झालीत, दिवाळीआधी कापड हवं.

आप्पांनी निंजा हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्यांना तो 'निजा' ऐकू आला, म्हणजे झोपा. पुढे खरा शब्द कळल्यावरही ते निजाच म्हणत राहिले.

आमच्या ओळीत टीव्ही फक्त घरमालकीण हंसाबेनकडे होता. मी त्यांच्या मुलाची, जिग्नेशची, शिकवणी घ्यायचे. आप्पांनी त्यांच्या दारावर शुभ-लाभ रंगवून दिलं होतं, म्हणून हंसाबेन त्यांना "बेसो, बेसो भिकनभाई" म्हणायच्या. त्यामुळे रोज साडेपाचला जिग्नेशचा गणिताचा अभ्यास थांबायचा आणि आम्ही तिघं कार्टून बघायचो. आप्पा टीव्हीच्या इतके जवळ बसायचे की जिग्नेश कुरकुरायचा, "काका, काच छो?" तुम्ही काच आहात का, आरपार दिसायला? आप्पा हसून वीतभर मागे सरकायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा पुढे.

पहिल्याच दिवशी ते माझ्याकडे वळले. "ए माय, तू कॉलेजमा जास ना? मंग ह्या काय बोली राहिनात ते सांग."

खरं सांगायचं तर मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी मराठी शाळेत शिकले. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि सर नजर फिरवू लागले की पेन खाली पाडायचे. टीव्हीवरचं इंग्रजी तर नुसता आवाज होता, त्यात निंजांच्या तोंडाला फडकं. पण आप्पा ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत होते, ते मला मोडवेना. हंसाबेनही ऐकत होत्या. मी म्हणाले, "मालक ओरडतोय. उद्या सगळ्यांनी जास्त वेळ थांबायचं म्हणतोय."

"इतला लोकेस्ना पगार कोन देस?"

"तोच."

"आन् हाऊ मांगला पट्टीवाला काय म्हने?"

निळ्या पट्टीचा निंजा काहीतरी पुटपुटला होता. मी म्हणाले, "तो म्हणतोय, घरी आई आजारी आहे. मला जाऊ द्या."

"म्हातारीले काय व्हयनं?"

"ते नाही सांगितलं," मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

तिथून मला सुटका राहिली नाही. रोज मी निंजांना काही ना काही बोलायला लावलं. निळ्या पट्टीवाल्याची म्हातारी कधी बरी, कधी जास्त. जांभळ्या पट्टीवाल्याचं लग्न मोडलं. नायकाला मात्र मी फारसं बोलू दिलं नाही, त्याच्याबद्दल आप्पा विचारायचेच नाहीत. ते कागदावर पेन्सिलीने डोळे काढत बसायचे. "ह्यास्ले निजा म्हनतस, आन् ह्या त घडीभर टेकत बी नहीत," ते म्हणायचे. "जो नाववाला शे तो मारस, बिननाववाला मार खातस." मी रात्री अंथरुणावर उद्याचं बोलणं ठरवायचे आणि मग भीती वाटायची. हंसाबेनच्या एखाद्या इंग्रजी शिकलेल्या पाहुण्यासमोर हे उघडं पडलं तर? वडिलांना कळलं तर? माझ्या फीसाठी ते जादा पाळी करत होते.

आप्पांनी पहिलं डिझाईन शेठकडे नेलं त्या दिवशी ते लवकर परत आले. आमच्या उंबऱ्यावर बसले, पाणी प्यायले आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "शेठ म्हने, भिकनभाई, आ केम रडे छे? मारे निंजा जोईए, सासरे जती छोकरी नथी जोईती."

सगळे निंजा रडवेले झाले होते. मी सांगितलेली म्हातारी त्या डोळ्यांत आली होती. आई हसली. मला हसता आलं नाही, कारण आप्पा पुढे म्हणाले की शेठने आठ दिवस दिलेत. तेवढ्यात जमलं नाही तर काचेच्या टेबलावर दुसरा माणूस, आणि आप्पांनी मागच्या हौदावर जाळ्या धुवायच्या. शेठ असंही म्हणाले होते की भिकनभाई, आंखनो नंबर कढावो.

"चष्म्याचा नंबर?" आई म्हणाली. "चष्मा तर आहे तुमच्याकडे."

"तेच," आप्पा म्हणाले आणि उठले.

त्या रात्री मी ठरवलं की उद्या खरं सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी कार्टूनमध्ये नायकाने निळ्या पट्टीवाल्याला भिंतीवर आपटलं, त्याचा हात खांद्यापासून निखळला आणि आतून स्प्रिंग आणि तारा लोंबायला लागल्या. जिग्नेश टाळ्या वाजवून ओरडला, "रोबोट छे!" मी जिग्नेशची वही उघडली.

आप्पा पडद्याजवळ सरकले. "लोखंड शे?"

"हो," मी कसंबसं म्हणाले.

"बरं शे. मंग घर कोनी वाट देखत नही."

एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, सुटले.

दोन दिवसांनी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. रंगीत खर्डा झाला होता, तो बघायचा होता. त्यांच्या खोलीत रंगांच्या बाटल्या एका पत्र्याच्या ताटलीत ओळीने असायच्या, कोणी जागा बदललेली त्यांना खपायची नाही. ती नीटनेटकेपणाची सवय असावी असं मी समजत होते. कागदावर नऊ निंजा होते, डोळे आता रागीट, उत्तम जमलेले. पण डोळ्यांवरून कोण कोणता ते कळत होतं, आणि तीन निळ्या पट्ट्या जांभळ्या होत्या आणि तीन जांभळ्या निळ्या.

"आप्पा, पट्ट्या उलट्या झाल्यात."

"कोनत्या?"

मी बोट ठेवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग दारातल्या उजेडाकडे धरला. मग ताटलीजवळ बसून बाटल्यांवरून बोटं फिरवली, पहिली, दुसरी, तिसरी. आदल्या संध्याकाळी जिग्नेश तिथे खेळून गेला होता. त्याने बाटल्या उचलून कशाही ठेवल्या होत्या.

मला तेव्हा कळलं. आप्पा रंग बघून लावत नव्हते, जागा मोजून लावत होते.

ते दार लोटून घेऊन आले. आवाज अगदी खाली गेला होता. "निया, जांभया, काया, माले आते समदा एकच दिसस. दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू नको, माय."

"दवाखान्यात दाखवा ना. मोतीबिंदू असेल. काढतात तो."

"दखाडसू. पन पहिले हाई काम. माले त्या टेबलवरथून कोनी उठाडाले नको. उठसू त सोता उठसू."

ते इतकं साधेपणाने म्हणाले की माझ्या तोंडून माझंही निघून गेलं. "आप्पा, मला त्यांचं इंग्रजी कळत नाही. एक शब्द नाही. मी सगळं मनाचं सांगत होते. तुमचं पहिलं डिझाईन माझ्यामुळे परत आलं."

ते रंगाचा ब्रश पुसत होते. "माले म्हाईत व्हतं."

"कधीपासून?"

"तू त्यास्नं बोलनं संपाना आधीच सांगी टाके." ओठावरचा काळा ठिपका हसताना ताणला गेला. "आन् लोखंडले माय कशी राही?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी विचारलं, "मग ऐकत का होता?"

"तू सांगे ते बरं लागे," ते म्हणाले. मग ताटली माझ्याकडे सरकवली. "आते खरं सांग. हाई कोनती बाटली?"

पुढचे चार दिवस मी कॉलेजातून आले की त्यांच्या दारात बसायचे, बाटल्या हातात द्यायचे आणि रंगाचं नाव घ्यायचे. बाकी काही बोलायचं नाही. इतकं खरं बोलायची मला सवय नव्हती. निळा म्हणताना सुद्धा मी दोनदा बघून घ्यायचे. आई विचारायची, काय चाललंय तुमचं? मी म्हणायचे, बघतेय. वडिलांसमोर तेवढंही बोलायचे नाही, कारण ते त्याच कारखान्यात होते आणि माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील असं वाटायचं.

शेवटच्या दिवशी आठ निंजांचे डोळे रागीट होते. नववा, निळ्या पट्टीचा, आप्पांनी पुन्हा जुन्या, रडव्या डोळ्यांचा काढला.

"आप्पा, हा परत येईल."

"एक राहू दे. सेठले दिसाव नही."

शेठला खरंच दिसला नाही. डिझाईन पास झालं. फिल्म आप्पांनी काचेवर स्वतः भरल्या. काळ्या शाईचंच काम असल्यामुळे ते अडलं नाही, आणि खर्ड्यातली कोणती पट्टी कोणत्या रंगाची हे मी कडेला आधीच पेन्सिलीने लिहून दिलं होतं. नमुन्याचं कापड छापून आलं तेव्हा शेठने त्यातला हातभर तुकडा त्यांना दिला. आप्पांनी तो आमच्या घरी सगळ्यांना दाखवला. वडील म्हणाले, "आप्पा, आता टेबल तुमचंच." आप्पा हसले आणि तुकड्याची घडी घालायला लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरात साथ आली.

तिचं नाव आमच्या घरात कोणी घेत नव्हतं. आई "ते" म्हणायची. "ते वेडरोडला आहे म्हणे. इकडे नाही आलं अजून." कारखाने बंद झाले, कॉलेज बंद झालं. त्यावरच्या कॅप्सूल कुठे मिळतात याच्याच गोष्टी. लोकं गाठोडी घेऊन स्टेशनकडे निघाली. जो दिसेल त्याच्या तोंडाला रुमाल. जिग्नेश तोंडाला रुमाल बांधून ओट्यावरून उडी मारून ओरडला, "निंजा!" हंसाबेननी त्याला एक थोबाडीत दिली आणि मग त्याला पोटाशी धरून स्वतःच रडायला लागल्या. त्यानंतर टीव्ही बंदच राहिला.

वडिलांनी ठरवलं, आपण इथेच राहायचं. गावी जाऊन तिकडे काही नेलं तर? आप्पांनी मात्र भुसावळच्या गाडीने जायचं ठरवलं. त्यांना उधना स्टेशनवर सोडायला वडील निघाले तेव्हा मीही येते म्हणाले. आई माझ्यावर ओरडली. मरायला जायचंय का गर्दीत? मी तिला सांगू शकत नव्हते की आप्पांना फलाटावरची पाटी वाचता येणार नाही, डब्याचा नंबर दिसणार नाही, आणि सगळ्यांची तोंडं झाकलेली असताना वडील गर्दीत हरवले तर आप्पांना ते ओळखताही येणार नाहीत. मी फक्त म्हणाले, "जाऊ दे ना." माझा चेहरा बघून असेल, ती रुमाल शोधायला लागली. दोन रुमाल एकावर एक बांधून तिने मला पाठवलं.

आप्पा खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंडाला ते नमुन्याचं कापड बांधलं होतं. वडील म्हणाले, "काय आप्पा, तुम्ही पण?" सकाळचे नऊ वाजले असतील.  वाटेत वडील खोकला आला तर दाबत होते, कारण कोणी खोकलं की लोक लांब सरकायचे.

स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, पण एवढ्या गर्दीला शोभेल असा आवाज नव्हता. फडक्यांवर नुसते डोळे, सगळे रुळांच्या एकाच बाजूला लागलेले. कर्ण्यातून काहीतरी घोषणा झाली. गुजराती, मग हिंदी, मग इंग्रजी, सगळी एकमेकांत घुसलेली. वडील पुढे जागा बघायला गेले होते.

आप्पा माझ्याकडे वाकले. "काय म्हनी राहिना?"

माझ्या जिभेवर आलं होतं की गाडी येतेय, दहा मिनिटांत, काळजी करू नका. मी रुमाल खाली ओढला, म्हणजे त्यांना नीट ऐकू जावं.

"नाही कळलं, आप्पा."

त्यांनी मान हलवली. "बरं. मंग उभं राहूत."

आम्ही उभे राहिलो. मी त्यांच्या बाहीला धरलं होतं. गाडी आली तेव्हा एकदम सगळी गर्दी हलली आणि ती बाही माझ्या हातातून सुटली. वडिलांनी त्यांना पाठीमागून रेटत डब्यात चढवलेलं मला दिसलं, मग दिसेनासं झालं. मी खिडक्यांच्या कडेने धावत निघाले. प्रत्येक खिडकीत फडकी आणि डोळे. मी आप्पा, आप्पा म्हणून ओरडत होते.

ते चौथ्या की पाचव्या खिडकीत होते. माझ्या आवाजाकडे वळले, पण त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी गेली. मी त्यांना दिसत नव्हते. त्यांच्या तोंडावरच्या कापडावरचे सगळे निंजा मात्र माझ्याकडे बघत होते, आणि नाकाजवळ निळ्या पट्टीचा तो एक. आप्पांनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि मी असेन त्या अंदाजाने हलवला. गाडी सुरू झाली तसं त्यांनी वाऱ्याने सुटणारं फडकं डोक्यामागे घट्ट केलं, आणि तेव्हा मला त्यांच्या कानामागे खोचलेला ग्लासातला ब्रश दिसला, लाल दोरा गुंडाळलेला.